नाल्यावरचे राळे

मी गळ्यात माळ घातलेली बाई आहे. कीर्तनात बसणाऱ्या माणसाची जीभ खोटं बोलायला रेटत नाही. म्हणून आधीच सांगते… हे घडलेलं आहे. ऐकीव नाही. मी पाहिलेलं आहे, आणि माझ्या धाकट्या भावानं, कौतिकनं, पाहिलेलं आहे.

साल १९९१. मार्गशीर्ष महिना. गाव चोपड्याहून सायकलवर तासाभराचं, सातपुड्याच्या पायथ्याला. माझं सासर. गावाचं नाव लिहीत नाही. ज्या घरात हे झालं, त्या घरातली माणसं अजून तिथंच राहतात.

आणि ही मध्यरात्रीची गोष्ट नाही. जे झालं ते दिवेलागणीला झालं. चुली पेटलेल्या, गुरं घरी परतलेली, गल्लीत माणसं…

म्हणूनच मला अजून भीती वाटते.

कौतिक तेव्हा चोपड्याला एका कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होता. लग्न व्हायचं होतं. त्याला पाखरांचे फोटो काढायचा नाद लागला होता. नाद मोठा, खिसा लहान. कॅमेरा रशियन, कोणाचा तरी वापरून झालेला. लांबचं जवळ दाखवणारी भिंगं त्याच्या ऐपतीबाहेरची. जळगावला हिलाल नावाचा त्याचा दोस्त स्टुडिओत होता. ओळखपत्रांच्या फोटोंचे रोल संपत आले की उरलेली शेपटं हा हिलाल कौतिकसाठी बाजूला ठेवायचा. काळे-पांढरे फोटो. धुवायचे घरीच, न्हाणीघरात, लाल कागद गुंडाळलेल्या दिव्याखाली.

"अक्का, पाखराजवळ आपण जाऊ शकत नाही," तो म्हणायचा. "मग पाखरालाच आपल्याजवळ बोलवायचं."

त्यासाठी जिनिंगमधली फाटकी गोणपाटं आणून त्यानं लपायला एक खोपटी केली. दाभणानं ती मीच शिवून दिली. पुढं एक फट, फटीतून कॅमेरा. सायकलच्या ब्रेकची तार बटणाला जोडलेली, म्हणजे हात न हलवता फोटो निघावा.

दर रविवारी पहाटे तो सायकल मारत माझ्याकडे यायचा. चहा घ्यायचा आणि नाल्याकडे निघायचा.

शेजारची तानुबाई त्याला चिडवायची. "कौतिकभाऊ, पाखरेस्नं लगीन शे का? रोज फोटो काढी ऱ्हायनात."

"पाखरेस्नं शे, मावशी. मनं नही," तो म्हणायचा. तानुबाई पदर तोंडाला लावून हसायची.

असे दिवस होते.

आता लताबाईचं सांगते. तिचं सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आमच्या गल्लीच्या टोकाला सुपडूचं घर. केळीचा मळा, नवा ट्रॅक्टर, आणि सगळा कारभार त्याच्या आईच्या, शेवंताबाईच्या हातात. लताबाई सुपडूची पहिली बायको. अंगानं काडी, डोळे मोठे. मारुतीच्या पारावर कीर्तन असलं की माझ्याच शेजारी बसायची. टाळी देताना तिच्या बांगड्या अभंगाच्या ठेक्यात वाजायच्या. घरी जाताना मला विचारायची, "अक्का, बुवास्नी ती गोट परत सांगा ना." कीर्तनातली गोष्ट तिला दोनदा ऐकायची असायची.

दोन वर्षांमागे, भाद्रपदात, तिचे दिवस भरले. सकाळी कळा सुरू झाल्या. सुईणीनं हात लावला आणि म्हणाली, "माले जमाव नही. चोपडाले न्या."

अंगणात ट्रॅक्टर उभा होता. पण ट्रॉलीत केळीचे घड भरलेले. संध्याकाळी फाट्यावर व्यापाऱ्याचा ट्रक यायचा होता.

मी स्वतः शेवंताबाईला म्हटलं, "माल उतरवा. पोरीला न्या."

ती म्हणाली, "उतारा-चढावामा घड ठेचातस. काळा पडना का कोन ली? ट्रक भरू दे, मंग दखू. आमले काय पोरं व्हयनात नहीत?"

मी पुन्हा बोलले तर म्हणाली, "वच्छला, तू तुनं घर दख."

सुपडू दारात उभा होता. जमिनीकडे बघत.

खाट ओटीवर होती. दार उघडं. लताबाईला खाटेवरून ती ट्रॉली समोर दिसत होती. दिवसभर ती ट्रॉलीकडेच बघत राहिली. नंतर ओरडायची थांबली, तरी बघतच राहिली.

ट्रक भरून सुपडू परत आला, तेव्हा तिचे डोळे उघडेच होते…

आमच्याकडे जुनी माणसं मानतात, पोटुशी बाई गेली तर ती घरी परत येते. तिला अडवायला परतीच्या वाटेवर राळे टाकतात. राळे म्हणजे मोहरीएवढे बारीक पिवळे दाणे. घरी यायचं तर तिनं धुळीतला एकेक दाणा वेचायचा, मोजायचा. उजाडलं की मोजणी मोडते. पुन्हा पहिल्यापासून.

लोक हे एकदाच करतात. शेवंताबाई दर अमावास्येला करायची.

नाल्याकाठच्या स्मशानापासून गावाच्या वेशीपर्यंत, मूठ मूठ राळे उधळत ती यायची. कोणी काही विचारत नव्हतं. कशाला टाकते, हे सगळ्या गावाला कळत होतं.

वर्षाच्या आत तिनं सुपडूचं दुसरं लग्न लावलं. मंजुळा. गरीब घरची, हसरी पोर. मार्गशीर्षात तिचेही दिवस भरत आले होते.

अमावास्येनंतरच्या रविवारी कौतिक आला. दुपारी परतला तो चेहऱ्यावर दिवाळी घेऊन.

"अक्का, तुमच्या गावात कोणीतरी मोठा पुण्यवान माणूस आहे. नाल्याच्या वाटेवर पाखरांसाठी दाणे टाकून ठेवलेत. होले, मुनिया, चंडोल… नुसती झुंबड. पण सगळी वाटभर पांगलेली. एका फोटोत मावत नाहीत."

"मग?" मी भाकरी थापत होते.

"मग काय, निंबाच्या डहाळीचा खराटा केला. वेशीपासून नाल्यापर्यंत सगळे दाणे झाडून गोळा केले. खोपटीसमोर रास लावली. दोन-तीन वेळा चाळून माती काढली. आता बघ, पुढच्या रविवारी सगळी पाखरं एका जागी येतील. फुकटात."

माझा हात परातीत तसाच राहिला.

मी त्याला रागावले नाही. तो शहरातला पोर. जैन मंदिराबाहेर चबुतऱ्यावर दाणे बघितलेले त्यानं. त्याला ते पुण्यच वाटलं.

पण पांगलेला दाणा वेचावा लागतो.

गोळा केलेली रास… मापानं मोजता येते.

मी गप्प बसले. मनात म्हटलं, जुन्या बायकांच्या समजुती. देवाचं नाव घेतलं आणि भाकरी तव्यावर टाकली.

पुढच्या रविवारी उजाडताना कौतिक खोपटीत जाऊन बसला. त्यानं नंतर मला सांगितलं ते असं.

आधी मुनिया आल्या. मग होले. मग इतकी पाखरं, की जमीन हलल्यासारखी दिसावी. किलबिलाट. त्यानं तार दाबली. एक फोटो. दुसरा.

आणि मग…

सगळं गप्प झालं.

पाखरं उडाली नव्हती. तिथंच होती. पण एकही आवाज नाही. पंखाचा नाही, चोचीचा नाही.

त्याच्या मागून, अगदी गोणपाटाला लागून, कोणीतरी हळू म्हणालं…

"लाभ…"

आम्ही धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. त्याला वाटलं, कोणी शेतकरी खळ्यात धान्य मोजतोय. पण खळं तिथं नाही. स्मशान आहे.

"दोन…"

बाईचा आवाज. दमलेला. बाळंतिणीसारखा.

"तीन…"

कौतिकनं मागची गोणपाटाची कड उचलली. कोणी नव्हतं. वाऱ्यानं झाड हलावं इतकीही हालचाल नव्हती. त्यानं भीतीनं नाही, सवयीनं तार दाबली. शेपट संपेपर्यंत दाबत राहिला.

तो माझ्याकडे आला तेव्हा नीट बोलत होता. फक्त चहा तसाच ठेवून सायकलवर बसला.

फोटो त्यानं दोन दिवसांनी आणले. रजा टाकून, सायकल मारत आला. मोठे करायला कागद परवडत नाही म्हणून तो फिल्मची पट्टीच कागदावर ठेवून छापायचा. बोटाच्या पेराएवढे फोटो. बघायला भिंग लागायचं.

"बघ," म्हणाला.

पहिल्या फोटोत रास, तिच्यावर पाखरं. गर्दी.

पुढच्या फोटोत पाखरं रासेपासून मागं सरकलेली. गोल करून बसलेली. सगळ्यांची तोंडं आत.

मधली जागा मोकळी. एक बाई मांडी घालून बसावी, एवढी मोकळी.

त्याच्या पुढच्या फोटोत… रास अर्धी झालेली.

त्याच्या पुढच्यात रास नव्हती.

"अक्का, एकाही पाखरानं दाणा उचललेला नाही," कौतिक म्हणाला. "मी समोर बसलो होतो. मग राळे गेले कुठं?"

तेव्हा मी त्याला लताबाईचं सगळं सांगितलं. ऐकून तो ओट्यावरच बसला. मग म्हणाला, "म्हणजे मी तिची वाट झाडून दिली."

मी शेवंताबाईकडे गेले. मंजुळा दारात तांदूळ निवडत होती. मला बघून हसली. पोट इतकं पुढं, की सूप मांडीवर मावत नव्हतं.

शेवंताबाईला मी बाजूला घेतलं आणि सांगितलं. तिचा चेहरा राखेसारखा झाला. पण बोलणं तेच.

"तुना भाऊले दुसरा धंदा नही का? पाखरं दखस म्हने. गोनाभर राळे टाकस मी आज. दखू कशी येस ती."

तिनं टाकले. भरदुपारी, नाल्यापासून थेट आपल्या अंगणापर्यंत.

सकाळी वाटेवर एक दाणा नव्हता. मुंगीसुद्धा नव्हती.

आणि शेवंताबाईच्या उंबऱ्याशी…

राळ्याची रास. मापानं ओतावी तशी, निमुळती, नीट. वर हात फिरवून गोल केलेली.

शेवंताबाईनं ती पायानं उधळली. आत जाऊन दार लावलं. तानुबाईनं हे समोरून पाहिलं. त्या दिवसापासून तानुबाईनं कोणाला चिडवलं नाही.

त्या आठवड्यात पारावर कीर्तन होतं. यावलकडचे एक म्हातारे बुवा आले होते. कीर्तन उठल्यावर मी त्यांच्या पाया पडले आणि विचारलं, महाराज, असं असं आहे, काय करावं?

बुवांनी वीणा कापडात गुंडाळली. मग म्हणाले, "माई, तुम्ही तिला शांत करायचं विचारताय, की अडवायचं?"

माझी नजर पारावर लताबाई बसायची त्या जागेकडे गेली.

"दोन वर्षं तुमचं गाव तिला अडवतंय," बुवा म्हणाले. "तिचं काय राहिलं, हे कोणी विचारलं का?"

बस. एवढंच बोलले आणि प्रसाद हातावर ठेवला.

मग तो रविवार आला.

कौतिक दुपारनंतर आला. आता फोटो नकोत, खोपटी मोडून गोणपाटं घेऊन जातो म्हणाला, आणि नाल्याकडे गेला. इकडे चारच्या सुमाराला तानुबाई धावत आली. "अक्का, मंजुळाले कळा लागनात."

मी गेले. अंगणात पाऊल टाकलं आणि तिथंच थांबले.

ट्रॅक्टर उभा होता. मागं ट्रॉली. ट्रॉलीत घड… काठोकाठ.

ओटीवर तीच खाट. दार उघडं. मंजुळाचं तोंड ट्रॉलीकडे.

सुईण आत होती. म्हणाली, "पोर आडवं शे. चोपडाले न्या. आतेच."

"ट्रक भरू दे," शेवंताबाई म्हणाली. "मंग दखू."

तेच शब्द. तशीच उभी. मला वाटलं माझ्या कानात कोणी जुनंच परत वाजवतंय. मला वाटत होतं, राळ्याच्या भीतीनं तरी बाई बदलेल. भीती वेगळी आणि माल वेगळा, असंच तिचं होतं.

या वेळी मी घरी गेले नाही. उंबऱ्यात बसले.

"शेवंताबाई, मी इथून हलणार नाही."

"बस ना मंग. कोन उठाडी ऱ्हायनं तुले?"

सुपडू दारात उभा. जमिनीकडे बघत.

दिवेलागण झाली. तुळशीपुढं दिवा लावायचं कोणाला सुचलं नाही. मंजुळाचं ओरडणं बारीक होत चाललं. मी डोळे मिटून नाव घेत होते.

तेवढ्यात बाहेर आवाज झाला.

थप्…

केळीचा घड पानावर ठेवताना होतो तसा. हलक्या हातानं, ठेचू नये म्हणून.

थप्… थप्… थप्…

आम्ही कोणीच उठलो नाही. उठता येईना. आवाज दूर दूर जात राहिला. अंगणातून गल्लीत. गल्लीतून वेशीकडे.

मग थांबला.

तानुबाईनं कंदील उचलला. आम्ही बाहेर आलो.

ट्रॉली रिकामी होती.

घड जमिनीवर होते. एकापुढं एक, केळीच्या पानावर नीट ठेवलेले. रांग अंगणातून निघून गल्लीतून पार नाल्याकडे गेलेली. एकही घड ठेचलेला नाही. एकावरही काळा डाग नाही.

गल्लीत माणसं होती. दारात बसलेली. कोणीच काही पाहिलं नव्हतं.

शेवंताबाई ओरडली, "मना माल…" आणि धावली. पहिला घड उचलून कडेवर घेतला, दुसरा दुसऱ्या कडेवर. पुढचा दिसला की आधीचा टाकायचा आणि तो उचलायचा. तशीच, वेड्यासारखी, रांगेमागं नाल्याकडे गेली.

सुपडू तिच्यामागं निघाला.

"सुपडू," मी म्हटलं. "ट्रॉली खाली झाली. आता काय म्हणतोस?"

तो थांबला. मग त्यानं ट्रॅक्टर सुरू केला. आम्ही गोधड्या टाकल्या, मंजुळाला निजवलं. मी आणि तानुबाई तिच्या दोन बाजूंना. चोपड्याला पोचलो तेव्हा डॉक्टरीण म्हणाली, "थोडा उशीर केला असता तर दोघंही गेली असती."

मुलगी झाली. दोघी जगल्या.

नाल्यावर काय झालं, ते कौतिकनं पाहिलं.

नको म्हणत म्हणत शेवटचा म्हणून तो कॅमेरा लावून संध्याकाळपर्यंत बसला होता, आणि आता खोपटी सोडत होता. गोणपाटाची एक बाजू उतरवलेली. त्यानं शेवंताबाईला येताना पाहिलं. शेवटचा घड, रास होती बरोबर त्या जागी ठेवलेला. ती वाकली. घड उचलला नाही.

कोणी खांदे दाबून बसवावं, तशी ती खाली बसली.

आणि धुळीत बोटं घालून काहीतरी वेचायला लागली. धुळीत काहीच नव्हतं.

"लाभ…" शेवंताबाई म्हणाली.

कौतिकच्या हाताखाली ब्रेकची तार होती. त्यानं ती दाबली, की हात आखडून दाबली गेली, त्याला आजही सांगता येत नाही. उजेड संपलेला. कॅमेऱ्याचं झापड बराच वेळ उघडं राहिलं. अशा वेळी माणूस थोडं हललं तरी फोटोत धूर होतो. पाखरू तर येतच नाही.

तो फोटो मी पाहिला आहे.

शेवंताबाईचा धूर झालेला. हात, पदर, सगळं पुसट. फक्त चेहरा स्वच्छ. तो खाली धुळीकडे नाही, वर बघतोय. समोर उभ्या असलेल्या कोणाच्या तरी तोंडाकडे.

आणि भोवती पाखरं. गोल. त्या अंधारात, जेव्हा पाखरं झाडावर असतात तेव्हा, जमिनीवर. एकेक पीस स्पष्ट. एकही हललेलं नाही.

लोकांनी शेवंताबाईला उचलून घरी आणलं. ती पुढं चार-पाच वर्षं जगली. कोणाला ओळखलं नाही. खायला दिलं तर खायची, आणि मग पुन्हा जमिनीवर बोटं. लाभ, दोन, तीन… मध्येच थांबायची, घाबरून दाराकडे बघायची आणि पहिल्यापासून सुरू करायची. मंजुळानं तिचं सगळं केलं. त्या पोरीचं मन मोठं.

कौतिक पाखरांचे फोटो काढतो, अजून काढतो. पण दाणा टाकत नाही. दूरची तर दूरची, ठिपक्याएवढी येतात, तशीच घेतो.

आमच्या गावात त्यानंतर एक झालं. बाईला कळा लागल्या की ट्रॉली असो, बैलगाडी असो, कोणी सांगायच्या आत माल उतरवतात. घड ठेचले तर ठेचले. याला मी पुण्य म्हणू का भीती, मला कळत नाही.

राळे आता कोणी टाकत नाही. लताबाईच्या नावानं मी दर वर्षी पारावर एक दिवसाचं कीर्तन करवते. ती शांत झाली असेल, असं मी मनाशी म्हणत होते.

परवा कीर्तन उठल्यावर सुपडू माझ्याजवळ आला. म्हातारा दिसतो. पोरीचं लग्न झालं, नातवंडं आहेत, मळा भरलेला. त्याचं कधी काही बिघडलं नाही. डोकंसुद्धा दुखलं नाही.

तो खाली बसला आणि हळूच म्हणाला, "अक्का, मायना नंबर लागी गया. मना कव्हय लागई?"

मी म्हटलं, "माझा नंबर कधी, असं बोलू नये. देवाचं नाव घे."

"देवनं नाव तर रोज लेस," सुपडू म्हणाला. "पन त्या दिनले माय फक्त बोलनी व्हती, अक्का. ट्रॅक्टरनी चावी मना खिसामा व्हती."

मांडव रिकामा झाला. मी त्याच्या हातावर प्रसाद ठेवला आणि उठले.

घरी येऊन देवापुढं बसले. हात जोडले.

पण लताबाईसाठी मागावं की सुपडूसाठी, ते अजून ठरत नाही…